मुरारच्या नळ्या: यंत्र बरोबर, आकडे चूक

आधीच सांगितलेले बरे: हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. शहर खरे, रक्तातली रसायने आणि त्यांचे वागणे खरे. पाहणी आणि तिचे आकडे मांडणीपुरते. पण लोकसंख्या-पाहणीत काम केलेल्या कुणालाही ते अनोळखी वाटणार नाही.

ग्वाल्हेरमध्ये ४० ते ६९ वयाच्या २,४०० माणसांच्या रक्तातले सुमारे १५० मेटाबोलाइट, म्हणजे शरीराच्या रासायनिक व्यवहारातली लहान रसायने, मोजायचे ठरले. ग्लुकोज, लॅक्टेट, अमिनो आम्ले, प्युरिन, मेदाम्ले, लिपिड असे सगळे. निम्मी माणसे लष्करची, म्हणजे दौलतगंज, दाल बाजार, शिंदे की छावणी या भागांतली, निम्मी मुरार या दुसऱ्या वस्तीतली. प्रयोगशाळा लष्कर भागात. लष्करची शिबिरे जानेवारी-फेब्रुवारीत उरकली आणि मुरारची एप्रिल-मेमध्ये. लष्करच्या नळ्या जिना उतरला की सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून रक्तपेशी खाली बसवणाऱ्या यंत्रात, जात. मुरारच्या नळ्या मात्र शिबिर संपेपर्यंत थांबत आणि मग एका खेपेत स्कूटरवरून येत. सगळे रक्त जांभळ्या टोपणाच्या, के-टू ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या नळीत. प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला द्रव, वेगळा करून उणे ८० अंशांवर ठेवला आणि वर्षअखेर एकदम मास स्पेक्ट्रोमीटर या रेणू वजनावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर चढवला.

निकाल आला तो असा. मुरारकरांची उपाशीपोटी साखर सरासरीने ११ मिग्रॅ/डेसिलिटरने कमी आणि लॅक्टेट १.२ मिलिमोल/लिटरने जास्त. आर्जिनिन कमी, ऑर्निथिन जास्त. ग्लुटामेट वर, हायपोझँथिन कितीतरी पट वर. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, क्रिएटिनिन, ल्युसीन-व्हॅलीन मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखे. स्पष्टीकरणे सुचायला वेळ लागला नाही: मुरारकडे कष्टाची कामे जास्त, उन्हाळा, खाण्यातला फरक. लेखाचा मसुदाही त्याच वळणावर निघाला.

प्रयोगशाळेला विचारले तर उत्तर सरळ होते: यंत्र ठीक आहे. दर दहा नमुन्यांमागे एक पूल नमुना चालवला होता. त्यातला फेरफार (सीव्ही, म्हणजे सरासरीच्या टक्क्यांत मोजलेला) ग्लुकोजला २ टक्के, अमिनो आम्लांना ५ ते ८ टक्के. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचा प्रमाणित प्लाझ्मा, एसआरएम १९५०, प्रत्येक प्लेटवर (यंत्रावर एका वेळी चढणाऱ्या ९६ घरांच्या तबकावर) होता आणि त्याचे आकडेही मर्यादेत. आणि हे उत्तर खरेच होते, नेमकी इथेच सगळ्यांची फसगत झाली.

पूल नमुना बनतो कसा? प्रत्येकाच्या प्लाझ्मातून थोडा थोडा घेऊन, एकत्र ढवळून, लहान कुप्यांत भरून. म्हणजे तो जन्मालाच येतो सेंट्रिफ्यूज आणि फ्रीझरच्या नंतर. त्याआधी नळीत जे बिघडले ते पूलमध्ये बिघडलेल्या स्थितीतच मिसळते आणि पुढे इमानेइतबारे तेच पुन्हा पुन्हा मोजले जाते. यंत्र आज आणि उद्या तोच आकडा देते का, एवढेच पूल सांगतो. आंधळ्या जोड्या, म्हणजे एकाच माणसाच्या प्लाझ्माचे दोन भाग वेगळ्या क्रमांकांनी पाठवणे, याही त्याच कारणाने इथे निरुपयोगी. चूक यंत्राच्या आधीची असेल तर ती दाखवणारा नमुनाही यंत्राच्या आधीपासून वेगळा चाललेला हवा. दंडातून एकाच वेळी दोन नळ्या काढायच्या; एक लगेच बर्फात आणि पंधरा मिनिटांत सेंट्रिफ्यूजमध्ये, दुसरी रोजच्या वाटेने. दर पन्नास माणसांमागे अशी एक जोडी असती तर मुरारचा घोळ पहिल्याच आठवड्यात कळला असता.

नळीत काय चालू असते

नळीतले रक्त मेलेले नसते. लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे घटक, नाहीत. तिला ऊर्जा हवी तर ग्लुकोज फोडून लॅक्टेट करणे हा एकच मार्ग. खोलीच्या तापमानाला न फिरवलेल्या रक्तातले ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. पांढऱ्या पेशी जास्त असतील किंवा उष्णता जास्त असेल तर आणखी वेगाने. एका ग्लुकोजमागे दोन लॅक्टेट तयार होतात. मुरारचा फरक ११ मिग्रॅ म्हणजे ०.६ मिलिमोल, त्याची दुप्पट १.२. लॅक्टेटमधली वाढ नेमकी तेवढीच. पेशी आणि प्लाझ्मा यांत दोन्ही रसायने सारखी वाटली जात नाहीत, त्यामुळे हिशेब इतका तंतोतंत जुळेलच असे नाही. पण कष्ट किंवा आहार यांमुळे फरक पडला असता तर तो दुपटीच्या आसपास येण्याचे काही कारणच नव्हते.

आर्जिनिनचेही तसेच. लाल पेशींत आर्जिनेज नावाचे एन्झाइम असते. पेशी फुटली की ते बाहेर येते आणि आर्जिनिनचे ऑर्निथिन करते. म्हणून दोघांची बेरीज पाहावी. मुरारमध्ये एक उतरले, दुसरे चढले, बेरीज लष्करइतकीच राहिली. हायपोझँथिन हे पेशीतल्या एटीपीच्या, म्हणजे ऊर्जा वाहणाऱ्या रेणूच्या, मोडतोडीचे माप. नळी थांबली की ते चढते. ग्लुटामिन ग्लुटामेटकडे सरकते. प्रत्येक बदलाला वेगळे कारण शोधता येईल, पण चारही एकाच दिशेला जात असतील तर आधी घड्याळ पाहावे.

शेवटची खूण एचबीएवनसी. ते हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे माप आहे. नळी तीन तास थांबल्याने त्यात फरक पडत नाही. मुरार आणि लष्कर यांचे एचबीएवनसी सारखे निघाले. तीन महिन्यांची सरासरी साखर सारखी, आणि त्या सकाळची तेवढी ११ ने कमी? मग साखर माणसात कमी नव्हती, नळीत कमी झाली होती.

इथे हमखास प्रश्न येतो: करड्या टोपणाची, फ्लोराइडची नळी वापरली असती तर? लॅक्टेट वाचले असते, ग्लुकोज पुरते नाही. फ्लोराइड इनोलेज या एन्झाइमला अडवते, आणि ते साखळीत बरेच खाली आहे. वरची एन्झाइमे आणखी तास-दोन तास ग्लुकोज खातच राहतात. सायट्रेटचे आम्लधर्मी मिश्रण असलेली नळी साखळीच्या वरच्या टोकालाच घाव घालते, म्हणून ग्लुकोजसाठी ती चांगली. पण दोन्ही नळ्या बाकीच्या रसायनांना गैरसोयीच्या. फ्लोराइड-ऑक्झलेट पेशींतले पाणी बाहेर ओढते आणि प्लाझ्मा पातळ होतो. सायट्रेट घातल्यावर सायट्रेट मोजणार कसे? ग्लुकोजची नळी वेगळी, मेटाबोलाइटची वेगळी.

वेळा शोधणे

मुरारच्या नोंदवहीत रक्त काढल्यापासून सेंट्रिफ्यूजपर्यंतची सरासरी ४० मिनिटे लिहिली होती. पण मिनिटांचे आकडे पाहिले तर जवळजवळ सगळे ००, १५ नाहीतर ३०. खऱ्या वेळा अशा नसतात. त्या ८:०७, ८:१९, ८:४४ अशा असतात. शिबिर आटोपल्यावर एका बैठकीत भरलेली वही अशीच दिसते, आणि त्यात कुणाची लबाडी असतेच असे नाही: एका हाताने दंड धरायचा, दुसऱ्याने नळी उलटीसुलटी करायची, मग लिहायचे कुठल्या हाताने?

खऱ्या वेळा दुसरीकडे सापडल्या. नोंदणीच्या टेबलावर बारकोड वाचला की संगणकात वेळ उमटत होती आणि फ्रीझरजवळच्या वाचकातही. या दोन वेळांमधल्या अंतरातून सेंट्रिफ्यूज व भाग पाडण्याची ठरलेली मिनिटे वजा केली. लष्करची थांबण्याची वेळ ३५ मिनिटांच्या आसपास आली. मुरारची एक तासापासून साडेतीन तासांपर्यंत पसरलेली. सकाळी सर्वांत आधी आलेल्या माणसाची नळी सर्वांत जास्त थांबली होती, आणि सकाळी लवकर येणारे बहुधा वयस्कर. म्हणजे मुरारच्या आतसुद्धा वय आणि विलंब एकमेकांत गुंतलेले. हा गुंता लष्कर-मुरार फरकापेक्षा वाईट, कारण तो सहज दिसत नाही.

त्यात ग्वाल्हेरचे हवामान. जानेवारीत पहाटे पारा ७-८ अंशांवर असतो, मे महिन्यात दुपारी ४२-४३ वर. जानेवारीत टेबलावर विसरलेली नळीही अर्धवट गारठ्यात असते. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ती भाजते. एन्झाइमांचा वेग दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो.

विलंब हा मुळातच गुन्हा नव्हे. ब्रिटनच्या यूके बायोबँकने २००६ ते २०१० या काळात पाच लाख माणसांचे रक्त घेतले आणि ईडीटीए नळ्या ४ अंशांवर ठेवून रातोरात स्टॉकपोर्टच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. म्हणजे जवळजवळ एक दिवसाचा उशीर. तरीही त्या प्लाझ्मावरून एनएमआर (चुंबकीय अनुनाद) पद्धतीने २४९ मापे काढून लोक कामे करत आहेत, कारण उशीर सगळ्यांना साधारण सारखा आणि थंडीत झाला. ग्लुकोज-लॅक्टेट तिथेही सांभाळूनच वापरायचे असतात. मुरारमध्ये उशीर गटागणिक, माणसागणिक आणि महिन्यागणिक वेगळा होता. एकसारखा उशीर आकडे सरकवतो. असमान उशीर निष्कर्षच नवे तयार करतो.

किती बिघडले ते मोजणे

आता संशय पुरे, पुरावा हवा. नीतिसमितीची परवानगी घेऊन १६ स्वयंसेवक, प्रत्येकी ३ मिलिलिटरच्या १० नळ्या. एक नळी लगेच बर्फ-पाण्यात आणि पंधरा मिनिटांत सेंट्रिफ्यूजमध्ये: हा संदर्भ. उरलेल्या नऊ ४, २५ आणि ३८ अंशांवर १, २ आणि ४ तास. एकूण १६० नमुने. एका माणसाच्या दहाही नळ्या एकाच प्लेटवर, म्हणजे दोन प्लेटांत आठ-आठ माणसे. नाहीतर प्लेटचा फरक वेळेच्या फरकात मिसळायचा.

निकाल वाचताना नुसते टक्के पाहू नयेत. प्रश्न असा विचारावा: हाताळणीने झालेला बदल माणसामाणसांतल्या फरकाच्या तुलनेत किती? या पाहणीत मर्यादा ठेवली ती माणसामाणसांतल्या प्रमाण विचलनाच्या पाव भागाची. त्यापुढे गेले ते लाल यादीत. यंत्राच्या सीव्हीचेही तसेच. सरसकट २० टक्क्यांची रेघ ओढून "पास-नापास" करण्याची पद्धत फार सैल आहे. ८ टक्के सीव्ही घ्या. ट्रायग्लिसराइड माणसामाणसांत ५० टक्क्यांनी बदलत असेल तर दिसणाऱ्या विचरणात (फरक वर्ग करून मोजतात त्यात) यंत्राचा वाटा ६४ (८ चा वर्ग) भागिले २,५६४ (८ आणि ५० यांच्या वर्गांची बेरीज), म्हणजे अडीच टक्के, विसरून जा. पण एखादे अमिनो आम्ल माणसामाणसांत १० टक्क्यांनीच बदलत असेल तर तोच वाटा ६४ भागिले १६४, जवळजवळ ३९ टक्के. त्या आम्लाचा आजाराशी खरा संबंध असला तरी तो दिसताना तेवढा फिका दिसेल.

लाल यादीत गेले: ग्लुकोज, लॅक्टेट, पायरुव्हेट, आर्जिनिन, ऑर्निथिन, ग्लुटामेट, अॅस्पार्टेट, हायपोझँथिन. टिकले: कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, क्रिएटिनिन, आणि ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, टायरोसिन, फेनिलअॅलनिन. हे शेवटचे पाच टिकले याला महत्त्व आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या दीर्घकालीन हृदयविकार-पाहणीच्या २०११ मधल्या अभ्यासात पुढे होणाऱ्या मधुमेहाची आधी सूचना देणारी म्हणून हीच पाच आम्ले पुढे आली होती. पाहणी अगदी वाया गेली नाही ती यांच्यामुळे.

हाती उरलेल्या नमुन्यांचे काय

पहिला मोह: सूत्र लावून ग्लुकोज "दुरुस्त" करावे. तासाला ६ टक्के, गुणिले विलंब, मिळवले की झाले. गटाच्या सरासरीसाठी हे अंदाजाला ठीक; एकेका माणसासाठी नाही. वेग त्याच्या पांढऱ्या पेशींवर, हिमॅटोक्रिटवर (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर) आणि त्या दिवशीच्या डिकीच्या तापमानावर ठरतो, आणि यातले शेवटचे कुणीच टिपलेले नाही.

दुसरा मोह जास्त शहाणा दिसतो: लॅक्टेट-ग्लुकोज गुणोत्तर काढावे आणि ज्यांचे वाजवीपेक्षा वर ते नमुने काढून टाकावेत. यात मेख आहे. ज्याची साखर मुळातच जास्त त्याचे गुणोत्तर उशिरानंतरही कमीच राहते. म्हणजे चाळणीतून मधुमेही जास्त वाचतात आणि निरोगी जास्त गळतात. नमुना गाळायचा तर तो घड्याळावरून गाळावा, ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा आहे तिच्यावरून नव्हे.

मग केले ते एवढेच. लाल यादीतली रसायने लष्कर-मुरार तुलनेतून पूर्ण काढली. टिकलेल्या रसायनांचे विश्लेषण केंद्रागणिक वेगळे करून, विलंब त्यात घालून, मग एकत्र आणले. आणि ऋतूचा प्रश्न? तो आकडेशास्त्राने सुटत नाही. लष्कर म्हणजे हिवाळा आणि मुरार म्हणजे उन्हाळा अशी सरमिसळ झालेली असताना कुठलेही समीकरण ती सोडवू शकत नाही. त्यासाठी पुढच्या मे महिन्यात लष्करच्या आणि पुढच्या जानेवारीत मुरारच्या शंभर-शंभर माणसांचे रक्त नव्या पद्धतीने पुन्हा घ्यायचे ठरले.

नवी पद्धत, टेबलावरून

उपाशीपोटी आलात का, असे विचारले की सगळे हो म्हणतात.

"काकू, शेवटचा घोट कशाचा घेतलात? किती वाजता?"

"पाणीच हो. म्हणजे सहाला अर्धा कप चहा झाला, पण त्याला काय खाणं म्हणायचं?"

साखर-दुधाचा अर्धा कप चहा म्हणजे ग्लुकोज, कॅफीन आणि थोडे मेद. म्हणून प्रश्न घोटाचा आणि वेळेचा. उत्तर तसेच्या तसे लिहायचे, माणसाला परत पाठवायचे नाही. संकष्टी, एकादशीला मराठी घरांना बोलवायचे नाही. आदल्या रात्रीची साबुदाण्याची खिचडी आणि दाणे बाकीच्या दिवसांशी जुळत नाहीत.

पाच मिनिटे बसवायचे. पट्टा एका मिनिटाच्या आत सोडायचा. मूठ उघड-मीट करायला सांगायचे नाही. हाताच्या स्नायूतून लॅक्टेट वाढते. २१ गेजची सुई. ईडीटीए नळी खुणेपर्यंत भरायची आणि आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करायची; झटकली तर पेशी फुटतात.

थंडाव्यासाठी लसीकरणाचा कॅरियर उत्तम. चार आइसपॅक बसतात, झाकण घट्ट, आणि एएनएम (आरोग्यसेविका) ताईंना तो पाठ असतो. मात्र फ्रीझरमधून काढलेला पॅक थेट लावायचा नाही; नळीचा जो भाग पॅकला चिकटतो तिथे रक्त गोठते आणि लाल पेशी फुटतात. पॅक बाहेर काढून ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, हलवला की आत पाणी खळखळले पाहिजे. तेव्हा तो शून्याला आलेला असतो. तरीही नळ्या रॅकमध्ये, पॅकला न टेकता. आत दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवणारा लॉगर.

मुरारलाच एक छोटा सेंट्रिफ्यूज बसवला. इथे आणखी एक चूक वेळीच सापडली: दोन्ही ठिकाणांसाठी कागदावर "३,००० आरपीएम" (मिनिटाला फेरे) लिहिले होते. पण लष्करच्या यंत्राची त्रिज्या १६ सेंटिमीटर, मुरारच्या छोट्याची १०. गुरुत्वपट (जी, म्हणजे नळीवरचा ओढा गुरुत्वाच्या किती पट) काढायचा तर ०.००००१११८ गुणिले त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. पहिल्यात सुमारे १,६०० जी, दुसऱ्यात १,००० च्या आसपास. कमी जी म्हणजे प्लाझ्मात प्लेटलेट जास्त उरतात, आणि त्या वितळताना फुटून आपली रसायने मिसळतात. आता दोन्हीकडे २,००० जी, १० मिनिटे: मोठ्याला ४ अंशांवर सुमारे ३,३५०, छोट्याला ४,२३० आरपीएम. छोट्याला थंड करायची सोय नाही, म्हणून तो एसीच्या खोलीत, आणि वीज गेली तर यूपीएसवर. फिरताना वीज गेली तर नळी बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून, आणि वहीत तशी नोंद.

प्लाझ्मा ओढताना पांढऱ्या थरावरचा अर्धा सेंटिमीटर सोडायचा. लोभाने शेवटचा थेंब ओढला की प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी आल्याच. पाव मिलिलिटरच्या कुप्या करायच्या, म्हणजे प्रत्येक मापाला नवी कुपी. वितळवून पुन्हा गोठवणे नको. प्लाझ्मात लाली दिसली तर ४१४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजायचे. डोळ्याच्या अंदाजावर सोडले तर दुपारी दमलेल्या माणसाला सगळेच पिवळे दिसते. उणे २० चा फ्रीझर फक्त वाटेतला थांबा म्हणूनही नको. असंतृप्त मेदाम्ले तिथे हळूहळू खराब होतात.

चार वेळा टिपायच्या: रक्त काढले, थंडीत ठेवले, सेंट्रिफ्यूज सुरू, फ्रीझरमध्ये. चारही बारकोड वाचकाने, हाताने एकही नाही.

प्लेटची मांडणी: ९६ घरांत ८० नमुने, ८ पूल, ४ आंधळ्या प्रती, २ एसआरएम १९५० आणि २ कोरे. प्रत्येक प्लेटवर लष्कर ४०, मुरार ४०, क्रम सोडतीने. आधी सगळे लष्कर, मग सगळे मुरार असे चढवले तर मास स्पेक्ट्रोमीटरचा स्रोत मळत जाण्याने येणारा उतार थेट दोन वस्त्यांतला फरक बनून समोर येतो. मुळात हीच चूक झाली असती; योगायोगाने फ्रीझरमध्ये डबे मिसळले होते म्हणून टळली. पण सोडतीला योगायोगावर सोडू नये.

राहिला एक हिशेब, आणि तो घाईचा होता. मुरारच्या १,२०० माणसांना साखरेचे अहवाल घरी गेले होते. १३० मिग्रॅ असलेल्या माणसाची नळी अडीच तास थांबली तर तासाला ६ टक्क्यांनी आकडा ११०-१११ वर येतो. १२६ च्या वरचा माणूस १०० ते १२५ च्या गटात जातो आणि "थोडी काळजी घ्या" एवढ्यावर सुटतो. म्हणून ज्यांचे एचबीएवनसी ६.५ किंवा वर आणि अहवालातली साखर १२६ च्या खाली, अशांची यादी आधी काढली. त्यांना फोन करून, सायट्रेटच्या नळीत, त्याच सकाळी प्लाझ्मा वेगळा करून पुन्हा तपासायचे. त्यानंतर ६ ते ६.४ वाले, आणि रक्तक्षयामुळे ज्यांच्या एचबीएवनसीवर भरवसा ठेवता येत नाही ते. लेखाचा मसुदा तोवर बाजूला.